डाग माझ्या फुप्फुसात, गोळी मात्र त्यांची चालू!

"ताई, मला सांगा, हे उलटं नाही का झालं?"

काकू साठीच्या, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दोन आठवड्यांनी एकाएकी धाप लागली. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली होती. सहा महिने रक्त पातळ करणारी गोळी घेतल्यावर फुप्फुसातला रक्तप्रवाह बघायचा स्कॅन झाला. त्यात उजवीकडे एक लहानसा डाग राहिलेला दिसला. तरी डॉक्टर म्हणाले, "अब गोली बंद कर सकते हैं, माताजी."

ओपीडीबाहेर बाकावर एक गृहस्थ भेटले. त्यांचा स्कॅन अगदी स्वच्छ, पण गोळी चालूच ठेवायला सांगितलेली. झालं! काकूंची झोप उडाली. आपल्याबाबत डॉक्टरांची काहीतरी गफलत झाली, असं त्यांच्या मनानं घेतलं.

ही शंका मला वारंवार ऐकू येते आणि ती वेडगळ मुळीच नाही. गोंधळ होतो तो दोन प्रश्न एकत्र बांधल्यामुळे. जुनी गुठळी किती विरघळली, हा एक प्रश्न. नवी होईल का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर मुख्यतः पहिली गुठळी कशामुळे झाली त्यावर ठरतं, स्कॅनमधल्या डागावर नाही. काकूंना कारण होतं, मोठं ऑपरेशन, आणि ते संपलं. अशा रुग्णांत गोळी थांबवल्यावर पहिल्या वर्षात शंभरात साधारण एकाला, पाच वर्षांत तिघांना परत गुठळी होते. त्या गृहस्थांना, त्यांनीच काकूंना सांगितल्याप्रमाणे, काहीच निमित्त नव्हतं. असं विनाकारण झालेलं असेल तर औषध सोडल्यावर पहिल्या वर्षी शंभरात दहा आणि पाच वर्षांत पंचवीस, पुरुषांत जरा जास्तच. त्यांची गोळी चालू राहिली ती याचसाठी.

"मग डागाचं काय?"

गोळी गुठळी विरघळवत नाही. वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही. विरघळवण्याचं काम शरीर स्वतः करतं, बरंचसं पहिल्या काही आठवड्यांत. पाव ते एक तृतीयांश रुग्णांत सहा महिने-वर्षानंतरही स्कॅनवर काहीतरी उरतं, जखम भरल्यावर वण राहावा तसं. बहुतेकांना त्याचा त्रास नसतो. शंभरात दोन ते चार जणांत मात्र अडथळा कायम राहून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो. तो आजार वेगळा: त्यात गोळी आयुष्यभर लागते आणि ऑपरेशनचाही विचार होतो. म्हणूनच तीन महिने औषध घेऊनही धाप टिकली किंवा वाढली तर इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हा स्कॅन करतात. काकूंचा इको सामान्य होता. कागद फाइलमध्ये होता, पण तो कोणी त्यांना समजावून सांगितला नव्हता.

हे सगळं त्यांना पटलं, भीती मात्र गेली नाही. आकड्यांनी भीती जाते असं मला कधीच वाटलं नाही. धाप नेमकी कधी लागते ते मी विचारलं. जिना चढताना, आणि रात्री, काका घोरायला लागले की. जिन्यावरची बरीचशी महिनोन् महिने पडून राहिल्याची होती. रात्रीची वेगळीच: बोटात ऑक्सिमीटर, ९७ चा ९५ झाला की पुण्याला मुलाला फोन. त्या यंत्राबद्दल माझं मत कडवट आहे. ठणठणीत माणसालाही ते तासातासाला लावलं तर तो आजारी पडेल. डॉक्टरांना विचारून आम्ही ते दिवसातून दोनदा लावायचं ठरवलं, मग एकदाच, मग ते कपाटात गेलं. जोडीला कॉलनीच्या बागेत रोज चालणं, बोलता येईल इतक्याच वेगानं.

कशाला घाबरायचं, तेही कागदावर लिहून दिलं: एकाएकी धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, भोवळ, एकाच पायाला सूज. यातलं काही झालं तर मलाही फोन करायचा नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

नातवाच्या मुंजीला काकू रात्रीच्या गाडीनं पुण्याला जाऊन आल्या. डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. फक्त पाणी पीत राहायचं आणि अधूनमधून डब्यात फेऱ्या मारायच्या. मुलानं "तू येऊच नकोस" म्हणून फार हट्ट धरला होता. त्याच्याशी मला वेगळं बोलावं लागलं आणि खरं सांगायचं तर ते जास्त अवघड गेलं.

आता गुडघ्याचं ऑपरेशन निघालंय. एकदा गुठळी होऊन गेलेली असली की ऑपरेशनच्या काळात धोका वाढतो आणि प्रतिबंधक औषधाचा बेत आधीच आखावा लागतो. काकूंनी जुनी फाइल घेऊन सर्जनकडे वेळ घेतली आहे.