वडिलांच्या ट्रंकेत सापडलेलं दुसरं मॅगझिन

प्रश्न : वडिलांची .३१५ बोअरची ईशापूर रायफल त्यांच्या पश्चात वारस म्हणून रीतसर माझ्या परवान्यावर आली. परवा त्यांची लोखंडी ट्रंक आवरताना तेलकट फडक्यात गुंडाळलेलं दहा गोळ्यांचं मॅगझिन सापडलं. रायफलीचं मूळ मॅगझिन पाच गोळ्यांचं आहे. हे बसवून पाहिलं तर खट्कन बसलं. गावातले निवृत्त सुभेदार म्हणाले, हे थ्री-नॉट-थ्रीचं आहे. दोन महिन्यांत परवान्याचं नूतनीकरण आहे. न्यू जर्सीतला आतेभाऊ म्हणतो, तिकडे एकच मॅगझिन दोन बोअरना चालतं, कोणी विचारत नाही. विहिरीत टाकून मोकळा होऊ का?
– सातारा जिल्ह्यातील एक वाचक

उत्तर : विहिरीचा विचार आधी मनातून काढून टाका. सुभेदारांनी ते पाहिलं आहे, घरच्यांना माहीत आहे. उद्या उन्हाळ्यात गाळ काढताना ते वर आलं, तर आज जी सरळ सांगता येण्यासारखी गोष्ट आहे ती पुरावा लपवल्याची गोष्ट होईल.

आता ते बसलं कसं, हे समजून घ्या. ईशापूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याची .३१५ ही इंग्रजी फौजेच्या ली-एनफील्ड रायफलीच्याच घडणीवर बेतलेली आहे. इंग्रजांच्या काळात .३०३, म्हणजे थ्री-नॉट-थ्री, ही फौजेची गोळी. ती चोरीला गेली तर खासगी बंदुकीत वापरता येऊ नये, म्हणून तो बोअर सामान्य माणसाला बंद होता आणि शिकाऱ्यांच्या हाती .३१५ आली. .३०३ च्या काडतुसाचं पितळी कवच ५६ मिलिमीटर लांबीचं, तर तुमच्या, बुडाशी ‘८ एमएम केएफ’ असा ठसा असलेल्या काडतुसाचं ५० मिलिमीटरचं. पण मॅगझिन म्हणजे शेवटी पत्र्याची पेटी आणि स्प्रिंग. गोळी वर ढकलायची एवढंच त्याचं काम. कोणती गोळी झडणार हे नळीचा चेंबर, म्हणजे झडण्याआधी गोळी जिथे बसते ती मागची पोकळी, ठरवतो.

कायद्याचंही लक्ष चेंबरवरच आहे. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत .३०३ किंवा ७.६२ मिमीची फौजी गोळी ज्यात भरून झाडता येते, अशा रायफली वरच्या, कडक प्रवर्गात टाकल्या आहेत; बोलीत त्यालाच प्रतिबंधित बोअर म्हणतात. तुमच्या रायफलीचा चेंबर बदललेला नाही. त्यामुळे हे मॅगझिन एकदा बसवून पाहिलंत म्हणून तुमची .३१५ प्रतिबंधित बोअरची झाली, असं मला वाटत नाही. त्या बाबतीत जीव भांड्यात पडू द्या.

काळजी आहे ती सुट्या मॅगझिनची. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग येतात. म्हणजे ट्रंकेतली ती पेटी कायद्याच्या भाषेत नुसतं लोखंड नाही. ती .३०३ चा भाग ठरली, तर प्रतिबंधित शस्त्राचं कलम लावण्याचा मोह तपास अधिकाऱ्याला होऊ शकतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे किमान शिक्षाच सात वर्षं आहे. सुटं मॅगझिन म्हणजे प्रतिबंधित शस्त्र नव्हे, हा युक्तिवाद मी कोर्टात जोर लावून करेन. पण तो करायची वेळच तुमच्यावर येऊ नये, यासाठी हे उत्तर एवढं सविस्तर लिहिते आहे.

आतेभावाचं त्याच्या जागी खरं आहे. .३०० ब्लॅकआउट हे काडतूसच एआर-१५ या तिकडच्या रायफलीच्या ५.५६ मिमीच्या मॅगझिनमध्ये बसावं म्हणून घडवलेलं आहे. (तरी चुकून ती गोळी ५.५६ च्या नळीत झाडली गेली तर रायफल फुटू शकते, हे त्याला जरूर सांगा.) अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मॅगझिन म्हणजे बंदूक नव्हे. पण ‘कोणी विचारत नाही’ हे त्याच्या राज्यालाही लागू पडत नाही. न्यू जर्सीने २०१८ मध्ये मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा घातली. तिथे प्रश्न किती गोळ्या मावतात हा, आपल्याकडे ती वस्तू कशाचा भाग आहे हा.

तुमची जमेची बाजू म्हणजे, ते तिथे आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात आणि पुढे १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणातही सांगितलं आहे. पण ट्रंक उघडलीत त्या क्षणापासून ही ढाल पातळ होत चालली आहे. रोजचा दिवस तुमच्या विरोधात मोजला जातो, म्हणून नूतनीकरणाची वाट पाहू नका.

कलम २१ प्रमाणे, ताबा कायदेशीर राहिला नाही असं शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं. त्याच आधारावर अर्ज करा, एक प्रत ठाण्याला आणि एक परवाना देणाऱ्या जिल्हादंडाधिकारी कार्यालयाला. दोन्हीकडून आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्या. अर्ज देताना मॅगझिन सोबत नेऊ नका. नाकाबंदीत गाडी अडवली तर रस्त्यात उभं राहून कोणाकोणाला समजावणार? घरी येऊन पंचनाम्याने ताब्यात घ्यावं, अशी विनंती अर्जातच करा. ते .३०३ चं आहे, असं तुम्ही स्वतःच्या नावावर लिहू नका. दहा गोळ्यांचं मॅगझिन, कोणत्या दिवशी, कुठे, कोणासमोर सापडलं, जाणकार माणसाने ते पाहून काय म्हटलं, हे लिहा. ते कशाचं आहे हे शस्त्रतज्ज्ञ ठरवेल. बसवून पाहिल्याचंही दडवू नका, पण त्याचे शब्द तालुक्यातल्या फौजदारी वकिलाला बघू द्या. आणि पुन्हा बसवू नका.

अर्ज लिहायला बसण्याआधी एक काम. वडिलांच्या कागदांत निवडणुकीच्या वेळी रायफल जमा केल्याच्या पावत्या असतील, त्या सगळ्या काढा. ‘रायफल एक, मॅगझिनसह’ एवढंच लिहिलं असेल तर फार उपयोग नाही. पण एखाद्या जुन्या पावतीवर ‘मॅगझिन नग दोन’ सापडलं, तर ती वस्तू पोलिसांच्या नोंदीत आधीपासून होती हे दिसेल, आणि प्रकरणाचा सगळा रंगच पालटेल. ती पावती मिळाली तर लॅमिनेट करू नका, मूळ कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्सच जोडा.