मुंबईच्या कुंडीत काठीची लसूण: थंडी फ्रीजमधून, हौस दांड्याची

ताई, तुमचा भाचा हिमाचलहून मधे टणक काठी असलेल्या लसणीचे गड्डे घेऊन आला, आणि गोल वळणारे ते फुलांचे दांडे गोरेगावच्या गॅलरीत दिसतील का, असं तुम्ही विचारलंय. दिसतील, पण सगळ्या रोपांना नाही. आणि गड्ड्याची आशा ठेवू नका. मी तीन हिवाळे ही लसूण लावतेय, त्यावरून सांगते.

आधी गड्डा तपासा. मान दाबल्यावर काडेपेटीच्या काडीसारखा टणकपणा लागला आणि पाकळ्या त्या काडीभोवती एकाच ओळीत बसलेल्या असल्या, तर ती काठीची. आपल्या बाजारातल्या लसणीची मान मऊ असते, आत बारीक पाकळ्यांचे थर असतात आणि ती सहसा दांडा काढत नाही.

खरी अडचण थंडीची. या जातीला दांडा काढण्याआधी दीड-दोन महिने दहा अंशांच्या खालची थंडी लागते. मुंबईत जानेवारीच्या पहाटेही पारा बहुतेक १५ ते १८ च्या आसपासच असतो. पहिल्या वर्षी मी पाकळ्या तशाच लावल्या. पात भरघोस आली, दांडा एकही नाही. जमिनीत होती ती लावली तेवढीच पाकळी, जराशी फुगलेली.

म्हणून थंडी फ्रीजमधली द्यायची. सप्टेंबर संपता संपता अख्खे गड्डे, न सोडवता, कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट होऊन बुरशी येते. फ्रीझरमध्ये तर नकोच. आठ आठवडे होईपर्यंत ऑक्टोबर हीट सरलेली असते. नोव्हेंबरच्या अखेरीला बाहेर काढा आणि त्याच आठवड्यात लावा.

कुंडी निदान आठ इंच खोल हवी. माती, गांडूळखत आणि थोडी वाळू. पाकळी टोक वर करून दोन इंच खाली, दोन पाकळ्यांत चार इंच अंतर. साल काढू नका. पाणी वरची माती कोरडी झाल्यावरच, कारण आपल्याकडे लसूण उन्हापेक्षा जास्त पाण्याने मरते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, तेव्हा दक्षिणेची गॅलरी असेल तर कुंडी तिथेच ठेवा, दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळायला हवं. फेब्रुवारीत पातीवर चंदेरी रेघा दिसल्या तर ते फुलकिडे. आठवड्यातून एकदा संध्याकाळी कडुलिंबाच्या तेलाची फवारणी करा.

दांडा दिसतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. पात चपटी असते, हा गोल आणि भरीव. टोकाला चोचीसारखी पिशवी. आधी सरळ वर येतो, मग मान मोडल्यासारखा वाकतो आणि स्वतःभोवती एक वेढा घेतो. गेल्या वर्षी माझ्या वीस रोपांपैकी चारांनी दांडा काढला, आणि त्या चार दिवसांत मी सकाळचा चहा गॅलरीतच घेतला! एक-दोन दांडे शोभेला ठेवा. पिशवी फुटली की आत फुलांपेक्षा जास्त इवल्या लसणीच निघतात. त्यांपासून गड्डा व्हायला थंड प्रदेशातही दोन-तीन वर्षं जातात, त्यामुळे त्या जपून ठेवण्यात अर्थ नाही.

बाकीचे दांडे पहिला वेढा पूर्ण होताच कापा. कोवळा असेल तर टक्‌ आवाज होतो आणि तुटल्या जागी रस दाटतो. वेढा सुटून सरळ झालेला दांडा दोरीसारखा चिवट लागतो. फरसबीसारखे बारीक चिरून, जिरं-हिरवी मिरचीच्या फोडणीत दोन मिनिटं परतायचे, वर दाण्याचं कूट. ज्वारीच्या भाकरीबरोबर मला याहून चांगलं काही माहीत नाही. चव लसणीची, पण उग्रपणा कमी.

ज्या रोपांना दांडा येणार नाही असं दिसेल, त्यांची पात खुडत राहा, प्रत्येक रोपाची दोन-तीन पानं शिल्लक ठेवून. ओल्या खोबऱ्यात वाटून चटणी, नाहीतर थालीपिठात चिरून. मार्चअखेर उन्हाने पात पिवळी पडली की रोप मुळासकट उपटून ठेचा करा, पाकळ्या खलबत्त्यात कुटल्यावर दहा मिनिटं तशाच ठेवून.

नुसती फुलंच हवी असतील तर खिडकीच्या ग्रिलवर लसूणवेल चढवा. नात्याने ती लसूण नव्हे, पण पान चुरगळलं की वास तोच. पावसाळा संपताना जांभळे घोस येतात, दोन-तीन दिवसांत फिकट होत जवळजवळ पांढरे होतात, आणि तिला फ्रीजची गरज नाही.

तुमचे गड्डे आता घरी असतील तर त्यांतले सगळ्यात मोठे चार बाजूला काढून ठेवा. मोठ्या पाकळीचं रोप जोमदार येतं आणि माझे चारही दांडे मोठ्या पाकळ्यांनाच आले होते.