'कुमारीन'चे 'कुमारी'शी नाते आहे काय?

पुण्यात आयुर्वेद शिकणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, बावचीच्या बियांतील सोरालेन हे द्रव्य 'कुमारिन' वर्गातले मानतात, तर हा शब्द कोरफडीच्या 'कुमारी' या संस्कृत नावावरून आला आहे काय, आणि मराठीत तो कसा लिहावा?

नाते नाही. तर्क मात्र निराधार म्हणता येणार नाही. कडुनिंबाच्या तेलातून सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९४२ साली वेगळ्या केलेल्या एका द्रव्याचे 'निंबिन' हे नाव खरोखरच आपल्या निंबावरून पडलेले आहे. 'कुमारीन'चे मूळ दक्षिण अमेरिकेत आहे. तेथील एका मोठ्या वृक्षाला स्थानिक आदिवासी भाषांत 'कुमारू' म्हणत, ते नाव फ्रेंचांनी उचलले, आणि त्याच वृक्षाच्या सुगंधी बियांतून, म्हणजे टोंका बियांतून, हे द्रव्य १८२० साली प्रथम मिळाले. म्यूनिकच्या फोगेल यांना ते बेंझोइक आम्ल वाटले होते. ते निराळेच द्रव्य असल्याचे फ्रान्समध्ये गीबूर यांनी दाखवले आणि वृक्षाच्या नावावरून त्याचे नामकरण केले. कापलेल्या गवताला वाळताना जो गोडसर वास येतो, त्यातही याच द्रव्याचा वाटा असतो. कोरफडीचा कडू, रेचक रस मात्र मुख्यतः अँथ्राक्विनोन या वेगळ्याच वर्गातील द्रव्यांमुळे तसा असतो, त्यामुळे अर्थाच्या बाजूनेही हा संबंध जुळत नाही.

मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात बावची मागितली तर लगेच मिळते, पण तिच्यातील 'सोरालेन' हे नाव 'बाकुची' या तिच्या संस्कृत नावावरून आलेले नाही. ते वनस्पतीच्या 'सोरालिआ' या लॅटिन नावावरून आणि पुढे खरूज, खपली या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. त्या वनस्पतीच्या अंगावर बारीक ग्रंथींचे ठिपके असतात, म्हणून हे नाव. 'सोरायसिस' त्याच घराण्यातला. बावची कोडावर वापरतात आणि सोरालेनमुळे त्वचा उन्हाला अतिसंवेदनशील होते, हे ध्यानात घेतले तर नाव अर्थपूर्ण वाटेल. पण तो योगायोग आहे, नाव ठिपक्यांचेच.

आता लेखन. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ असतो (गरीब, वकील), आणि 'मंदिर', 'गणित' यांसारख्या तत्सम शब्दांना त्यातून सूट आहे. आपला शब्द संस्कृत नसल्यामुळे 'कुमारीन' हेच लेखन मला योग्य वाटते. ऱ्हस्व इकाराने तो उगाच तत्सम भासतो आणि आपल्याला पडलेल्या शंकेला वाट मिळते. 'पेनिसिलिन'सारख्या शब्दांत ऱ्हस्व लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि इंग्रजी उच्चारही ऱ्हस्वाकडे झुकतो, हे मान्य. परंतु आपण शब्दाला मराठी प्रत्यय लावणार असू तर मराठी नियम लावणेच सरळ. सामान्यरूपात मात्र तोच इकार ऱ्हस्व होतो: वकील–वकिलाचा, तसे कुमारीन–कुमारिनाचा. वर्गाचा उल्लेख करताना 'कुमारीनवर्गीय' असा समास करावा.