ई-बुकं घेतली, पण कॅटलॉगमध्ये सापडत नाहीत

प्रश्न : पुरवठादाराकडून आलेली १,२०० ई-बुकांची मार्क फाइल (ग्रंथनोंदींचा ठरलेला संगणकी साचा) आम्ही कोहामध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवली. कॅटलॉगमध्ये नोंदी वाढल्या फक्त १,१४६. पुरवठादार म्हणतो, फाइल पूर्ण आहे. बाकीच्या ५४ गेल्या कुठे?
– एक महाविद्यालयीन ग्रंथपाल, निपाणी

उत्तर : पुरवठादाराशी वाद घालण्याआधी कोहातल्या ‘मॅनेज स्टेज्ड रेकॉर्ड्स’मध्ये ही बॅच उघडा. किती नोंदी नव्याने भरल्या, किती बदलल्या, किती वगळल्या, हे तिथे लिहिलेलं असतं. तिन्ही आकड्यांची बेरीज करा.

बेरीज १,२०० आली, तर एकही नोंद हरवलेली नाही. चढवताना जुळणीसाठी तुम्ही आयएसबीएनचा नियम निवडला असणार. बरेच पुरवठादार ई-बुकाच्या नोंदीत ०२० फील्डच्या (आयएसबीएनच्या खान्याच्या) ‘ए’ उपफील्डमध्ये छापील आवृत्तीचाही आयएसबीएन टाकतात. (तो ‘झेड’मध्ये हवा, पण शिस्त पाळतो कोण?) तुमच्याकडे तेच पुस्तक छापील असेल, तर कोहाला दोन्ही एकच वाटतात. मग तो नवी नोंद सोडून देतो किंवा जुनीवर नवी चढवतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. कपाटातल्या प्रतीचा दाखल क्रमांक तसाच राहतो, पण वरची नोंद ई-बुकाची होते. ओळखायची खूण सोपी आहे : एकाच नोंदीत ८५६ मधली लिंकही दिसते आणि ९५२ मध्ये प्रतही.

असं झालं असेल तर ‘अनडू’ने बॅच मागे घ्या, जुन्या नोंदी परत येतात. मात्र बॅच चढवल्यानंतर त्या नोंदींत हाताने केलेल्या दुरुस्त्या जातील, त्या आधी टिपून ठेवा. मग मार्कएडिटमध्ये (मार्क नोंदी दुरुस्त करायच्या प्रोग्राममध्ये) प्रत्येक नोंदीच्या ०३५ या फील्डमध्ये पुरवठादाराचं संक्षिप्त नाव आणि त्याचा क्रमांक एकत्र घाला. कोहात ०३५ वर चालणारा जुळणीचा नवा नियम करा आणि फाइल पुन्हा चढवा. नुसत्या ००१ वर (नोंदीच्या मूळ क्रमांकावर) विसंबू नका. दोन पुरवठादारांचा क्रमांक एकच निघू शकतो.

बेरीज कमी आली, तर मात्र फाइल मोडली आहे. कुणी ती नोटपॅडमध्ये उघडून एखादं अक्षर दुरुस्त केलंय का, विचारा. मार्क नोंदीची पहिली पाच अक्षरं म्हणजे तिची बाइटमधली लांबी, आणि त्यापुढच्या निर्देशिकेत प्रत्येक फील्ड कुठे सुरू होतं ते लिहिलेलं असतं. एक काना वाढला की तीन बाइट वाढतात आणि सगळा हिशेब सरकतो. दुरुस्ती करायचीच तर मार्कएडिटने फाइल ‘एमआरके’ या साध्या मजकुराच्या रूपात फोडून करा, मग परत बांधा.

देवनागरीचा आणखी एक फटका बसतो. एका फील्डची लांबी चारच अंकांत लिहायची असते, म्हणजे जास्तीत जास्त ९,९९९ बाइट. इंग्रजीला ते पुष्कळ झाले. देवनागरीत ३,३३३ अक्षरांतच संपतात. ५०५ मध्ये अख्खी अनुक्रमणिका कोंबलेली असेल तर नोंद इथेच फुटते. अशा वेळी लांबीचं हे बंधन नसलेली मार्क-एक्सएमएल फाइल मागा.

प्रश्न : ई-बुकाची नोंद क्रमांकाने उघडते, पण मराठीत शोधली की सापडत नाही. बेळगाव जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरची पीडीएफही अशीच गायब आहे.
– सार्वजनिक वाचनालय, खानापूर

उत्तर : क्रमांकाने उघडते म्हणजे नोंद जागेवर आहे, गोंधळ शोधसूचीचा आहे. संगणक सांभाळणाऱ्याला झेब्राची (कोहाच्या शोधयंत्राची) पूर्ण सूची नव्याने बांधायला सांगा आणि झेब्राला आयसीयू (इंग्रजीखेरीज लिप्या हाताळणारी जोडणी) लावलंय का तेही विचारा. देवनागरीसाठी ते लागतंच. शोधातली ‘फक्त उपलब्ध’ ही खूणही काढून पाहा. ई-बुकाला प्रत नसते, म्हणून त्या चाळणीत ते गळतं. कर्मचाऱ्यांना दिसतं पण वाचकांना नाही, असं असेल तर ९४२ च्या ‘एन’ उपफील्डमध्ये (वाचकांपासून नोंद लपवायच्या खुणेत) १ पडलाय का बघा.

यातूनही ‘शेतकऱ्यांसाठी’सारखे शब्द निसटत असतील, तर अक्षरं तपासा. हा आडवा रफार दोन तऱ्हांनी टंकित होतो : एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर फरक शून्य, पण शोधयंत्राला दोन वेगळे शब्द. चढवण्याआधी ‘एमआरके’ फाइलमध्ये दुसरी तऱ्हा शोधून सगळीकडे पहिली करा.

गॅझेटिअरचं दुखणं वेगळं. मुंबई इलाख्याचा हा २१ वा खंड, १८८४ चा. बाहेरून आणलेल्या नोंदीत शीर्षक रोमन लिपीत ‘बेलगाम’ असणार. वाचक टंकतो ‘बेळगाव’. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव ‘बेळगावी’, म्हणून नव्या अहवालांत तेच येतं. या खंडापुरतं २४६ मध्ये (पर्यायी शीर्षकाच्या फील्डमध्ये) देवनागरी शीर्षक घाला. पण कायमचा इलाज म्हणजे स्थळनामाची एक प्राधिकृत नोंद (नावाचं ठरवलेलं रूप सांगणारी) करून बाकीची रूपं तिच्या ४५१ मध्ये घालायची, गावाच्या पुस्तकांच्या नोंदींतल्या ६५१ ला (स्थळविषयाच्या फील्डला) ती जोडायची, ‘इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस’ ही पसंती चालू करायची आणि सूची पुन्हा बांधायची. कन्नड लिपीतलं रूपही तिथेच घाला. तुमच्याकडे दोन्ही भाषांचे वाचक येतात.

प्रश्न : महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ई-बुकाची लिंक उघडते, घरून पैसे मागते.
– एक वाचक, अथणी

उत्तर : पुरवठादार महाविद्यालयाचा आयपी पत्ता ओळखून दार उघडतो. ८५६ मधल्या पत्त्याआधी प्रॉक्सीचा (महाविद्यालयामार्फत लिंक उघडणाऱ्या मधल्या सर्व्हरचा) पत्ता जोडायला ग्रंथपालांना सांगा. एन-लिस्टमधल्या (महाविद्यालयांना ई-साहित्य पुरवणाऱ्या योजनेतल्या) पुस्तकांना याची गरज नाही. तिथे सभासदाचं स्वतःचं लॉगिन असतं, ते मागून घ्या.