लिहून दिलेले कागद काढून घ्या

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे चर्चला, रेडिओवर दर आठवड्याला अर्धा तास मिळतो. किशोरवयीन मुलांचा आत्मविश्वास वाढावा, चारित्र्य घडावे हा हेतू. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) संदेश देतात. मुले गीते गातात आणि आम्ही लिहून दिलेले वाचतात. पण कार्यक्रम ती स्वतःच ऐकत नाहीत. एक मुलगा तर आवाज फुटू लागल्यापासून माइककडे फिरकत नाही. काय करावे?
– तरुण संघाची एक ताई

उत्तर : ताई, कार्यक्रम मुलांसाठी आणि त्यातला एकही शब्द मुलांचा नाही! मी बरीच वर्षे निवेदन केले आहे. दुसऱ्याचे वाक्य वाचणारा आवाज ऐकणाऱ्याला लगेच कळतो, तुमच्या मुलांना तर नक्कीच कळतो.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले, की ‘मला हे जमेल’ हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः करून जमल्यामुळे. इतरांनी दिलेला धीर त्यामानाने कमी पुरतो. म्हणून विषय मुलांना निवडू द्या, प्रश्न त्यांना काढू द्या, संकलनही त्यांच्याकडे द्या. पाळकसाहेबांना पाच मिनिटे ठेवा, पण मुलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला. ‘कोणीही तुझे तारुण्य तुच्छ मानू नये’ असे बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिले. ते आपल्या पाळकांना ठाऊक असतेच.

त्या मुलाबद्दल जरा सविस्तर. या वयात स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण सप्तकभर खाली उतरतो. मधल्या काळात तो मध्येच चिरकतो. त्याला गायला उभे करू नका. आधी ध्वनिमुद्रण आणि संकलन शिकवा. मग छोटे निवेदन, थेट नव्हे, ध्वनिमुद्रित. पुन्हा घेता येते हे कळले की भीती निम्मी होते. माइक वीतभर दूर आणि किंचित बाजूला असू द्या, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका माइकवर बसत नाही. आणि कोणी हसले, तर तिथल्या तिथे थांबवा. यात मी अजिबात सूट देणार नाही.

चारित्र्यावर वेगळा भाग करू नका, ते कामात येते. एखाद्या आजीची मुलाखत घेतली, तर प्रसारणाआधी तिची परवानगी घ्यायची. तिचे वाक्य कापताना अर्थ बदलायचा नाही. चुकीची माहिती गेली, तर पुढच्या आठवड्यात ज्याने सांगितली त्यानेच दुरुस्ती सांगायची. हे एकदा केलेले मूल प्रामाणिकपणावरच्या दहा भाषणांपेक्षा जास्त शिकते, असे माझे ठाम मत आहे.

एका बाबतीत मात्र लगाम तुमच्याच हाती हवा. साक्ष देताना, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगताना, मूल कधी घरातली मारहाण, कधी मनातले फार खोल दुखणे बोलून जाते. ते प्रसारित करू नका. एकदा हवेत गेलेला शब्द परत घेता येत नाही. त्या मुलाजवळ बसा, ऐका, आणि मदत करू शकणाऱ्या योग्य माणसापर्यंत त्याला न्या. पालकांची संमती आधीच घ्या. पूर्ण नाव, शाळा, पत्ता कार्यक्रमात कधीच नको.

पहिले काही भाग अडखळतील, शांतता लांबेल. तेव्हा कागद पुन्हा हातात घेऊ नका. येत्या बैठकीत मुलांना एवढेच विचारा : या आठवड्यात तुम्हाला कोणाला काय विचारायचे आहे?