कोळसा दुप्पट उष्णता देतो, मग झाडं वाचतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किलोमागे लाकडी कोळसा लाकडाच्या जवळपास दुप्पट उष्णता देतो, तर सगळ्यांनी चूल सोडून शेगडी धरली की झाडं कमी तुटतील का? नाही, बहुतेक वेळा जास्तच तुटतील.

उष्णतेचा आकडा खरा आहे. वाळलेल्या लाकडात किलोमागे साधारण 15 मेगाज्यूल असतात, चांगल्या कोळशात 28 ते 30. पण तो किलोभर कोळसा पाडायला मातीच्या भट्टीत लाकूड किती जातं? मुरलेला माणूस असेल तर पाचेक किलो, नवखा असेल तर आठ-दहासुद्धा. सहा धरा. म्हणजे 90 मेगाज्यूल आत घातले आणि हाती आले जेमतेम 30. शेगडी चुलीपेक्षा उष्णता कमी वाया घालवते, पण एवढी तूट तिच्यानं भरून निघत नाही.

त्यामुळे सगळे शेगडीवर बोलतात तेव्हा मी भट्टीबद्दल विचारतो. लाकूड ओलं असलं तर त्यातलं पाणी उडवण्यातच आतलं बरंच लाकूड जळून जातं. आधी काही आठवडे वाळवायचं, ओंडके दाट रचायचे, आणि मग धुरावर नजर ठेवायची. आधी दाट पांढरा धूर येतो, ती मुख्यतः वाफ. मग पिवळट, डोळ्यांना झोंबणारा. तो विरळ, निळसर झाला की भट्टीला हवेसाठी ठेवलेली भोकं लगेच लिंपायची. उशीर झाला तर तयार कोळसाच जळतो. रात्री मातीच्या थराला तडा गेला आणि कुणी जागं नसलं तर सकाळी राखच.

तरी लोक कोळसा घेतात, कारण तो हलका, लांबून आणायला परवडणारा, आणि धूर कमी. (धूर नाही म्हणून बंद खोलीत मात्र शेगडी ठेवू नका, तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.) शहरं वाढतात तसा हा धंदा वाढतो. माल बहुतेक ठिकाणी पोत्यावर विकतात, वजनावर नाही. म्हणून तळाला चुरा किती ते बघून घ्यावं.

राहिला प्रश्न कोळशावर बंदी घालण्याचा. तिनंही झाडं वाचतीलच असं नाही. सोमालियाच्या कोळसा निर्यातीवर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं 2012 मध्ये बंदी घातली, तरी चोरटा माल पुढेही जात राहिला. शिवाय चोरून भट्टी लावणारा लाकूड वाळायची वाट बघत बसत नाही. ओलंच रचतो, घाईत पेटवतो, आणि तेवढ्याच कोळशासाठी जास्त झाडं पाडतो.