जुन्या फोर-बाय-फोरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतोय? कूलरच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: नव्वदच्या दशकातली डिझेल फोर-बाय-फोर, चार गिअरचा ऑटोमॅटिक, मागे ट्रेलर. मऊ वाळूतून जाताना गिअरबॉक्स ऑइलच्या तापमानाचा दिवा लागला आणि थोडा वेळ थांबल्यावर विझला. मेकॅनिक म्हणतो, मिळेल तो सगळ्यात मोठा ऑइल कूलर टाका आणि निवांत फिरा.

कूलर टाकाच, त्यात वाद नाही. पण कूलर फक्त तयार झालेली उष्णता बाहेर काढतो. ती इतकी तयार का होतेय हे न बघता कूलर टाकला, तर दिवा लागायचा थांबेल आणि क्लच प्लेटी (बॉक्समध्ये गिअर पकडून धरणाऱ्या चकत्या) आतल्या आत झिजत राहतील.

आधी त्या दिव्याबद्दल. तो फार उशिरा लागतो. बऱ्याच गाड्यांत दिवा पेटेपर्यंत ऑइल १२० अंश सेल्सिअसच्या बरंच पुढे गेलेलं असतं. नेहमीच्या चालण्यात ऑइल ८० ते ९५ अंशांत राहायला हवं. ट्रेलर घेऊन चढ चढताना १०५-११० दिसलं तर घाबरू नका. १२० ला मी पाय काढतो आणि १३० ला गाडी बाजूला घेतो. जुना ठोकताळा असा आहे की या पट्ट्यात दर १० अंश वाढीला ऑइलचं आयुष्य निम्मं होतं. ऑइल आधी काळवंडतं, मग व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलचं प्रेशर वाटणाऱ्या भागात) वार्निशसारखा थर धरतं, रबरी सील कडक होतात, आणि सील गळू लागले की प्लेटी दाबून धरायला लागणारं प्रेशर कमी पडतं. म्हणजे एकदा तापलेला बॉक्स पुढच्या वेळी आणखी लवकर तापतो.

ही उष्णता येते कुठून? गिअरमधून फारशी नाही, टॉर्क कन्व्हर्टरमधून. इंजिनाला जोडलेला पंप आणि गिअरबॉक्सला जोडलेली टर्बाइन यांच्यात फक्त ऑइल असतं. दोघांच्या फिरण्याच्या वेगात जितका फरक, तितकं ते ऑइल ताकासारखं घुसळलं जातं आणि तापतं. गाडी जागेवर अडकलेली आणि अॅक्सिलरेटर दाबलेला, अशा वेळी इंजिन देतंय ती सगळीच्या सगळी ताकद उष्णता बनून ऑइलमध्ये जाते. उलट कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच लागला की दोन्ही भाग एकत्र फिरतात आणि हे घुसळणं थांबतं. हायवेवर १०० च्या वेगाने तासन्‌तास चालणारी गाडी थंड राहते आणि वाळूत २० ने चालणारी पेटते, त्याचं कारण हेच. वाळूत लॉक-अप नाही, घुसळणं भरपूर आणि रेडिएटरवर वारा नाही.

म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्या गाडीत आधीपासून आहे: लो रेंज, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या ट्रान्सफर केसमधला हळू चालीचा जादा गिअर. लोकांना वाटतं ती फक्त खडकांवर चढायला असते. जीप चेरोकी एक्सजेमधल्या एनपी२३१ ट्रान्सफर केसचं लो रेंजचं गुणोत्तर २.७२ आहे. म्हणजे चाकांवर तेवढाच जोर आणायला गिअरबॉक्सला साधारण ३७ टक्केच जोर काढावा लागतो, आणि त्याच वेगाला तो २.७२ पट जलद फिरतो. टर्बाइन इंजिनाच्या वेगाच्या जवळ येते, घसरण कमी होते, तापमान उतरतं. गाडी धापा टाकायला लागल्यावर लो रेंज लावण्यात अर्थ नाही, मऊ जमीन सुरू व्हायच्या आधी लावा. हाय रेंज ठेवायचीच असेल तर ती टणक वाळूवर, बऱ्यापैकी वेग असताना. आणि टायरची हवा काढा. १८ पीएसआयवर टायर पसरतो, वाळूत रुतत नाही, आणि गाडी ओढायला लागणारी ताकदच कमी होते. पक्क्या रस्त्यावर आल्यावर हवा परत भरायची आणि लो रेंज काढायची, हे सांगायला नको.

ट्रेलर घेऊन चढावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, बंद ठेवा. बॉक्स तिसऱ्या-चौथ्यात सारखा ये-जा करतो तेव्हा प्रत्येक बदलात प्लेटी घासतात आणि लॉक-अपही सुटतो. काही बॉक्समध्ये मात्र लॉक-अप फक्त चौथ्यातच लागतो. तिथे सपाट रस्त्यावर चौथा टिकत असेल तर टिकू द्या. हँडबुकात हे लिहिलेलं असतं. मोठे टायर टाकले असतील आणि डिफरेन्शिअलचं गुणोत्तर तेच असेल, तर तुम्ही सगळं गिअरिंग उंच करून ठेवलंय आणि त्याची किंमत कन्व्हर्टर मोजतोय. दिसायला छान दिसतात, मान्य.

आता बिघाडांकडे. पहिला संशय मी नेहमी किकडाउन केबलवर घेतो, आणि मेकॅनिक लोक नेमकं तिथेच बघत नाहीत. जुन्या लँड क्रूझरमधला ए४४०एफ, चेरोकीतला एडब्ल्यू४, पहिल्या डिस्कव्हरीतला झेडएफ ४एचपी२२, या सगळ्यांना थ्रॉटलशी जोडलेली केबल असते. खालचा गिअर पाडणं हे तिचं एक काम. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं काम म्हणजे इंजिनावर भार किती आहे हे बॉक्सला कळवणं. त्यावरून प्लेटी किती प्रेशरने दाबायच्या ते ठरतं. केबल सैल असली की बॉक्सला वाटतं गाडी रिकामी रमतगमत चाललीय. तो प्रेशर कमी ठेवतो, गिअर लवकर आणि अगदी मऊ बदलतात. मालक खूश होतो, गाडी किती गुळगुळीत चालतेय म्हणून. प्रत्यक्षात प्रत्येक बदलात प्लेटी जरुरीपेक्षा जास्त वेळ घसरत असतात, आणि ट्रेलरच्या ओझ्याखाली तर जळतातच. तुमच्या डिझेल पंपाचं काम कधी झालं असेल, तर ही केबल तेव्हा हलली असण्याची दाट शक्यता आहे. टोयोटा-आयसिनच्या काही बॉक्समध्ये तपासणी सोपी आहे: इंजिन बंद, कोणाला तरी अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगा, आणि केबलवर दाबून बसवलेली छोटी कडी बाहेरच्या आवरणाच्या टोकापासून किती लांब आहे ते बघा. ० ते १ मिलिमीटर हवं. माप याच्या बाहेर असेल तर केबल नीट लावलेली नाही.

दुसरा संशय फॅनवर. जुन्या गाड्यांचा व्हिस्कस फॅन आतलं सिलिकॉन ऑइल गळून हळूहळू निकामी होतो, आणि रस्त्यावर वारा मिळत असल्यामुळे कळतही नाही. गाडी चांगली तापवा, इंजिन पूर्ण बंद करा, मग हाताने फॅन फिरवा. सहज गरगरला तर गेलाय. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत गवताचं बी आणि वाळलेला चिखल साचतो. तो बाहेरून दिसत नाही, टॉर्च लावून बघावा लागतो. ब्रेक अडकत असेल तर तोही बघून घ्या.

ऑइलची पातळी बहुतेक बॉक्समध्ये गाडी सपाट जागी, ऑइल गरम, इंजिन चालू आणि लिव्हर पी (पार्क) मध्ये ठेवून बघतात. जुन्या क्रायस्लर बॉक्समध्ये ती न्यूट्रलला बघायची असते, कारण त्यांच्यात पी मध्ये कन्व्हर्टर भरला जात नाही. पातळी जास्त झाली तरी वाईटच. फिरणारे भाग ऑइलला फेस आणतात आणि फेसाने प्रेशर बनत नाही.

ऑइल बदलताना लक्षात घ्या की नट काढून साधारण तिसरा हिस्सा ते निम्मंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडं थोडं चालवून दोन-तीनदा बदला. वर्षानुवर्षं हात न लावलेल्या बॉक्सला मशीनने प्रेशर फ्लश करू नये, असं माझं मत आहे. ‘नवीन ऑइल घातलं आणि बॉक्स गेला’ असे किस्से तुम्ही ऐकले असतील. त्यातले बहुतेक बॉक्स आधीच घसरत होते, म्हणूनच मालकाला ऑइलची आठवण झाली. डब्यावरचं नुसतं ‘डेक्सरॉन ३’ वाचून फसू नका. जनरल मोटर्सने त्या दर्जाचे परवाने २००६ नंतर दिलेले नाहीत, त्यामुळे आज तसं लिहिणं हा ऑइलवाल्याचा स्वतःचा दावा असतो. ओळखीच्या कंपनीचं ऑइल घ्या, आणि तुमच्या बॉक्सला टी-४ किंवा एसपी-३ असं वेगळं लागत असेल तर तेच घाला.

पॅन (बॉक्सच्या तळाचा ऑइलचा डबा) उघडलात की आतला चुंबक बघा. राखाडी, बारीक, लोण्यासारखा लेप असेल तर ती नेहमीची झीज. चकाकणारे कण असतील तर आतले धातूचे भाग खराब होताहेत, काळा तंतुमय गाळ असेल तर प्लेटींचं अस्तर सुटतंय.

आता कूलर. बहुतेक जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या टाकीच्या आत असतो, आणि खरी भीती तिथे आहे. आतून तो फुटला की कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतात आणि गुलाबी, दुधाळ घोल तयार होतो. कूलंटमधला ग्लायकॉल प्लेटींच्या अस्तराचा गोंदच सोडवतो, त्यामुळे नुसतं ऑइल बदलून बॉक्स क्वचितच वाचतो. २००५ ते २०१० च्या निस्सान पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर यासाठी कुप्रसिद्ध आहेत, पण कोणताही म्हातारा रेडिएटर हे करू शकतो. तुमचा मूळचाच असेल, तर बाहेरच्या कूलरआधी पैसे नव्या रेडिएटरवर घाला.

बाहेरचा कूलर प्लेट प्रकारचा घ्या. नळी आणि फिनवाल्यापेक्षा तेवढ्याच जागेत तो जास्त उष्णता काढतो. जोडणी करताना ऑइल आधी रेडिएटरमधून, मग बाहेरच्या कूलरमधून आणि मग बॉक्सकडे परत. रेडिएटर ऑइलला हिवाळ्यात गरमही करतो, त्यामुळे कडक थंडीत गाडी वापरणाऱ्याने तो वगळू नये. पाइप ट्रान्समिशन ऑइलसाठीचाच हवा. पाण्याचा पाइप गरम ऑइलने मऊ पडून निसटतो आणि काही मिनिटांत बॉक्स कोरडा होतो. कूलरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून तो टांगू नका, पत्र्याचा कंस करून घ्या.

आणि कूलरच्या आधी गेज बसवा. सेन्सर कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या पाइपवर टाकलात तर लगेचची उष्णता कळते. आकडे पटकन वर-खाली होतात, एका चढावर २०-३० अंशांची उडी दिसेल, दचकू नका. पॅनमध्ये टाकलात तर सरासरी कळते, पण थोडी उशिरा. मी पाइपवरचा पसंत करतो, कारण पाय कधी काढायचा ते तोच वेळेत सांगतो. वर दिलेले माझे १२० आणि १३० चे आकडे पॅनचे आहेत. पाइपवर क्षणभर ते ओलांडले तर चालतं, तिथेच टिकून राहिले तर नाही.

तापलाच, तर इंजिन बंद करू नका. बंद इंजिनात पंप फिरत नाही आणि गरम ऑइल कन्व्हर्टरमध्येच बसून राहतं. हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा, आरपीएम १२०० ते १५०० ठेवा आणि गेज उतरेपर्यंत थांबा. पी ऐवजी न्यूट्रल अशासाठी की काही बॉक्समध्ये पी असताना कूलरकडे ऑइल जातच नाही. रुतलेली गाडी डी-आर, डी-आर करून झुलवत बसू नका, फावडं काढा. चढावर अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, ब्रेक त्यासाठीच आहे.

गाडी पाण्यातून नेत असाल तर गिअरबॉक्सचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायची नळी) वर बॉनेटखाली नेऊन घ्या. तापलेला बॉक्स पाण्यात एकदम थंड झाला की आत हवा ओढतो, आणि ब्रीदर बुडालेला असेल तर पाणी ओढतो.

लॉक-अप हाताने लावायचं किट टाकावं का, असंही तुम्ही विचारलंय. चांगली वस्तू आहे, पण सगळ्यात शेवटी. कन्व्हर्टरमधल्या क्लचचं अस्तर लहान असतं. प्रेशर कमी असताना कमी वेगाला तो जबरदस्तीने लावलात तर तोच घसरून जळेल. केबल आणि प्रेशर नीट असल्याची खात्री झाल्यावरच त्याचा विचार करा.

समजा बॉक्स आधीच घसरत असेल आणि उघडावा लागला, तर कन्व्हर्टरही बदला, आणि जुना कूलर परत वापरू नका. त्याच्या आत अडकलेला कचरा धुऊन पूर्ण निघत नाही, तो नव्या बॉक्समध्ये जातो. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात या दोन गोष्टी नसतील तर दुसरा कारागीर शोधा.

या आठवड्यात केबल आणि फॅन बघून घ्या, पॅन उघडा, आणि चुंबकाचा फोटो टाका. मग कूलर केवढा हवा ते ठरवू.